प्रकरण अभ्यास: कडबाकुट्टीचे ४५ दातांचे चाक

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातला एक गोठा. बारा दुभती जनावरं आणि चार कालवडी. हिरवी-वाळकी मिळून रोज साधारण तीनशे किलो वैरण कुट्टी करून गव्हाणीत पडते. यंत्र जुनं, पस्तीस वर्षांच्या आसपासचं, एका बाजारातून दुसऱ्या हाताने घेतलेलं. बिडाचं अंग, दोन पात्यांचं मोठं फ्लायव्हील, तीन अश्वशक्तीची मोटर. फ्लायव्हीलवर ओतलेलं कारखान्याचं नाव रंगाच्या थरांखाली बुजलेलं, आणि ती फौंड्री कधीच बंद झालेली.

या भागात अशी यंत्रं पुष्कळ आहेत. किर्लोस्करांनी लोखंडी नांगराच्याही आधी बेळगावात कडबा कापण्याची यंत्रं बनवली आणि १९१० मध्ये त्यांचा कारखाना कुंडलच्या माळावर आला. पुढे कोल्हापूर-बेळगावच्या लहान-मोठ्या फौंड्र्यांनी एकमेकांचं पाहून कडबाकुट्ट्या ओतल्या. दिसायला सगळ्या बहिणी-बहिणी, पण एकीचा भाग दुसरीला बसेलच याची खात्री नाही. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. तरी फौंड्रीतले लाकडी पॅटर्न आणि गिअर कापायचे कटर पुढे कित्येक वर्षं इंचातलेच वापरात होते. या प्रकरणातला निम्मा गोंधळ त्यातूनच आला.

यंत्राची रचना आधी समजून घ्यावी लागेल. मोटरवरून बेल्टने फ्लायव्हीलचा मुख्य शाफ्ट मिनिटाला सुमारे ३०० फेरे घेतो. त्याच शाफ्टवर १५ दातांचं पिनियन, म्हणजे लहान गिअर, आहे. ते बाजूच्या शाफ्टवरचं ४५ दातांचं चाक फिरवतं. तिथून १८ आणि ३६ दातांच्या बेव्हल जोडीने, म्हणजे शंकूच्या आकाराच्या दोन गिअरनी, गती काटकोनात वळते आणि एका कपलिंगमधून खालच्या रोलरला जाते. वरचा रोलर लांब दातांच्या गिअरने खालच्याशी जोडलेला असतो, कारण वैरणीची जाडी कमी-जास्त होईल तसा तो वर-खाली होतो. म्हणजे फ्लायव्हीलचे सहा फेरे झाले की रोलरचा एक फेरा. रोलरचा व्यास ८० मिमी, म्हणून एका फेऱ्यात वैरण २५१ मिमी पुढे सरकते. तेवढ्यात दोन पाती बारा वेळा कापतात. तुकडा २०.९ मिमीचा पडतो. दातांचा हिशेब बदलला तर कुट्टीची लांबी बदलते, एवढं इथे ध्यानात ठेवायचं.

बिघाड

फेब्रुवारीचा मध्य. मोटर चालू, फ्लायव्हील फिरतंय, पण रोलर थांबलेले. झाकण काढल्यावर ४५ च्या चाकाचे सलग तीन दात मुळापासून तुटलेले दिसले. दात ढाळीव नव्हते, मशीनवर कापलेले होते. हा तपशील पुढे कामाला आला. स्वस्त यंत्रांत दात ओतकामातच येतात. ते खडबडीत असतात आणि थोडी विसंगती पोटात घालतात. कापलेले दात तसं करत नाहीत.

घाईचं कारण शेतात उभं होतं. मुरघासासाठी लावलेल्या रब्बी मक्याचा दाणा अर्धा चिकाचा, अर्धा पिठाळ व्हायला दहा-बारा दिवस उरले होते. ती वेळ टळली की ताट वाळतं, खड्ड्यात नीट दबत नाही, हवा राहते आणि बुरशी धरते. रोजची वैरण शेजारच्या गोठ्यावर नेऊन कापायची सोय झाली, पण दोन एकर मका तसा कापणं शक्य नव्हतं.

पहिला निर्णय: फोटो दाखवून चाक आणलं

दोन दिवस तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या बाजारात मोबाइलमधला फोटो दाखवत फिरण्यात गेले. फोटोत पट्टी ठेवलेली नव्हती. प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न एकच, कंपनी कुठली? त्याला उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका दुकानात ४५ दातांचं तयार चाक मिळालं. जुनं चाक आणि ते एकावर एक धरल्यावर फरक फक्त कडेला, काठावर दोनेक मिलिमीटरचा. ‘झिजलंय-बिजलंय, चालून जाईल’ असं ठरलं. लेथवर भोक वाढवून, चावीची (चाकाला शाफ्टशी अडकवणाऱ्या लोखंडी पट्टीची) खाच पाडून चाक त्याच दिवशी बसवलं.

यंत्र चाललं, पण घरघर करत. दुसऱ्या दिवशी ग्रीस जास्त भरलं. चाक बसवल्यापासून चौथ्या दिवशी पिनियनच्या दातांच्या मुळाशी चकचकीत ओरखडे होते. सहाव्या दिवशी पिनियनचा एक दात गेला. आधी एक गिअर मोडला होता, आता जोडीच गेली.

का मोडलं, हे मापं घेतल्यावर कळलं. तयार चाक मोड्यूल ५ चं होतं, २० अंश दाबकोनाचं. दाबकोन म्हणजे एक दात दुसऱ्याला ज्या तिरप्या दाबरेषेत ढकलतो तिचा कोन. आज बाजारात बहुतेक हेच मिळतं. यंत्रातलं पिनियन मात्र ५ डीपीचं होतं, साडेचौदा अंशांचं. डीपी म्हणजे व्यासाच्या एका इंचामागे किती दात, तर मोड्यूल म्हणजे व्यासाच्या किती मिलिमीटरमागे एक दात. २५.४ ला डीपीने भागलं की मोड्यूल येतं. ५ डीपी म्हणजे ५.०८. पाच आणि पाच पूर्णांक आठ शतांश यांतला फरक डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. पण एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचं दाबरेषेवरचं अंतर एकात १४.७६ मिमी, दुसऱ्यात १५.४५ मिमी. प्रत्येक दात ०.७ मिमी चुकीच्या जागी येतो आणि आधीच्याने भार सोडण्यापूर्वी किंवा सोडल्यानंतर आपटतो. ३०० फेरे गुणिले १५ दात, म्हणजे मिनिटाला ४,५०० आपट्या. ग्रीस त्यावर काय करणार?

घरघर ऐकू आली त्याच क्षणी यंत्र बंद करायला हवं होतं. नवा गिअर ‘रुळेल’ हा समज बिडाच्या खडबडीत ढाळीव दातांपुरता थोडाफार खरा आहे. कापलेल्या दातांची जोडी जुळत नसेल तर ती रुळत नाही, ती एकमेकीला खाते.

मापं, आणि ती कोणत्या क्रमाने घेतली

दहाव्या दिवशी यंत्र पूर्ण उघडलं. मोटरचे फ्यूज काढून खिशात ठेवले, दोन्ही पाती उतरवली, फ्लायव्हीलच्या आऱ्यांत आडवा लाकडी ठोकळा अडकवला. पाती असलेलं मोकळं फ्लायव्हील जराशा धक्क्यानेही फिरतं आणि गिअर चाचपणारा हात तेव्हा नेमका रोलरजवळ असतो.

सोपी वाट म्हणजे बाहेरचा व्यास मोजायचा आणि दातांच्या संख्येत दोन मिळवून भागायचं. जुन्या चाकाचा व्यास भरला २३७.५ मिमी. भागिले ४७, उत्तर ५.०५. ना धड ५, ना धड ५.०८. दातांची टोकं झिजली की हे असंच होतं, आणि बरेच जण इथे ‘मोड्यूल ५’ लिहून मोकळे होतात.

म्हणून दुसरी रीत वापरली. शाबूत भागातले चार दात व्हर्नियरच्या जबड्यात धरून मोजले: ५५.० मिमी. मग त्याच जागी पाच दात: ७०.४ मिमी. फरक १५.४. चाकावर तीन ठिकाणी मोजलं, तिन्ही उत्तरं याच्याच आसपास आली. झीज दोन्ही मापांत सारखीच असल्याने वजाबाकीत निघून जाते. मोड्यूल ५, २० अंशांसाठी हा फरक १४.७६ यायला हवा होता, ५ डीपी २० अंशांसाठी १५.००, आणि ५ डीपी साडेचौदा अंशांसाठी १५.४५. उत्तर मिळालं.

तिसरी खूण शाफ्टची. बाजूचा शाफ्ट ३१.७५ मिमी, म्हणजे सव्वा इंच. मुख्य शाफ्ट ३८.१, म्हणजे दीड इंच. दोन शाफ्टचं सेंटर, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, मोजायला बाहेरच्या कडांतलं अंतर घेतलं आणि दोन्ही त्रिज्या वजा केल्या. मात्र हे माप घेण्याआधी थांबावं लागलं, कारण मुख्य शाफ्ट हाताने हलवला की बेअरिंगमध्ये खेळ जाणवत होता. सैल शाफ्टवर घेतलेलं सेंटर हे माप नव्हे, अंदाज. आधी बेअरिंग बदलायचं आणि मग मोजायचं, असा निर्णय झाला. त्यात एक दिवस जास्त गेला, तो योग्य गेला.

बेअरिंगची खरेदीही एकदा चुकली. ब्लॉकवर ‘२०८’ वाचून दुकानातून यूसीपी २०८ आणलं. त्याचं भोक ४० मिमीचं, शाफ्ट ३८.१ चा. पत्र्याची पट्टी गुंडाळून ग्रब स्क्रू आवळायचा सल्ला लगेच मिळाला. तसं केलं की शाफ्ट एका बाजूला सरकून बसतो, फ्लायव्हील डुगडुगतं आणि पातं तोंडाला लागतं. दीड इंचाच्या शाफ्टसाठी त्याच घराण्यात २०८-२४ हे बेअरिंग येतं. शेवटचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो: २४ भागिले १६ म्हणजे दीड. बाहेरचा ब्लॉक तोच राहतो, आतली वाटी तेवढी बदलते. बेअरिंगच्या दुकानात ते मागवून दुसऱ्या दिवशी मिळालं.

ते बसवल्यावर सेंटर आलं १५२.४ मिमी. नेमके सहा इंच. शंकेला जागा उरली नाही.

मापाचा कागद असा तयार झाला:

पिनियन: १५ दात, ५ डीपी, १४.५ अंश, भोक ३८.१, चावी ३/८ इंच, दातांची रुंदी ४०
चाक: ४५ दात, बाकी तेच, भोक ३१.७५, चावी ५/१६ इंच, हबची (भोकाभोवतीच्या जाड भागाची) लांबी ६०
सेंटर: १५२.४, बेअरिंग बदलल्यावर मोजलेलं
फिरण्याची दिशा आणि हब कोणत्या बाजूला, यांचं हाताने काढलेलं चित्र

समोर असलेले पर्याय

नवं यंत्र घ्यायचं, हा पर्याय घरात सगळ्यात आधी निघाला होता. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कडबाकुट्टीसाठी अनुदान असतं, पण पूर्वसंमती हातात येण्याआधी घेतलेल्या यंत्राला ते मिळत नाही. बंद पडलेल्या गोठ्याला ती वाट पाहणं परवडणारं नव्हतं. शिवाय आजची हलकी पत्र्याची यंत्रं आणि हे बिडाचं धूड यांची तुलना होत नाही. रोज तीनशे किलो कापताना वजन कामी येतं.

भंगारात तसंच यंत्र शोधणं. एक सापडलंही, हुबेहूब दिसणारं. सेंटर मोजलं तर १५० मिमी निघालं, म्हणजे ते मेट्रिक पॅटर्नचं. मापाचा कागद खिशात होता म्हणून पाच मिनिटांत नाही म्हणता आलं. आठवडाभर आधी तेच यंत्र किलोच्या भावाने घरी आलं असतं.

तुटलेले दात भरून घेणं ही जुनी आणि चांगली कारागिरी. मुळाशी भोकं पाडून आटे काढायचे, त्यात स्टड बसवायचे, चाक सावकाश तापवून वर पितळ किंवा निकेल रॉडचा थर चढवायचा, राखेत किंवा चुन्यात पुरून हळू गार करायचं आणि पत्र्याच्या नमुन्यावर दात कानशीने घासायचे. एक-दोन दातांना हे चालतं. इथे सलग तीन गेले होते आणि पिनियनही नवं लागणारच होतं.

जुन्याच चाकाला पॅटर्न करून बिडात ओतून घेणं, असं एका फौंड्रीने सुचवलं. बीड गार होताना साधारण एक टक्का आटतं. पॅटर्न बनवणारा त्या हिशेबाने लाकूड मोठं ठेवतो. जुनं चाकच वाळूत दाबलं तर नवं एक टक्का लहान निघतं: दातांच्या मध्यावरचा व्यास २२८.६ ऐवजी सुमारे २२६.३. म्हणजे पुन्हा तयार चाकाच्या जवळपास, तीच चूक ओतकामातून. वेगळा लाकडी पॅटर्न एका नगासाठी करणं परवडत नाही.

उरला पर्याय स्टीलमधून गिअर कापून घेण्याचा. कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे गिअर कटिंगची कामं करणारे मिळतात. अडचण एकच होती: ज्यांच्याकडे काम न्यायचं त्यांच्याकडे ५ डीपी साडेचौदा अंशांचा हॉब, म्हणजे दात कापायचा कटर, नव्हता. मोड्यूल ५, २० अंशांचा मात्र रोजच्या वापरातला.

निर्णायक वळण

‘जुन्यासारखंच हवं’ हा हट्ट इथे सोडला. जोडीतले दोन्ही गिअर बदलणारच असू तर दात डीपीचे असोत की मोड्यूलचे, यंत्राला फरक पडत नाही. यंत्राला कळतं ते फक्त सेंटर, भोक आणि चावी. मोड्यूल ५ मध्ये दोन्ही गिअरच्या दातांच्या बेरजेला ५ ने गुणून २ ने भागलं की सेंटर येतं. १५ आणि ४५ घेतले तर १५०. हवं १५२.४. आणि १५ व ४६ घेतले तर ६१ गुणिले ५ भागिले २, म्हणजे १५२.५.

एक दात वाढवला आणि प्रश्न सुटला. कुट्टीची लांबी २०.९ वरून २०.५ मिमीवर आली, ती जनावराला कळणार नाही. नव्या चाकाचा बाहेरचा व्यास २४० मिमी, जुन्याच्या न झिजलेल्या मूळ मापाहून सव्वा मिमीच जास्त, झाकणात बसतो. वरकड दोन फायदे झाले. २० अंशांचा दात मुळाशी जाड असतो, त्यामुळे पंधराच दातांच्या पिनियनला बळ आलं. आणि १५ व ४६ यांना समान विभाजक नाही, म्हणून तोच दात त्याच दाताला दर तिसऱ्या फेऱ्यात भेटत नाही. झीज सगळीकडे वाटली जाते.

नेमक्या ०.१ मिमीची चिंता करायची नव्हती. ब्लॉक बेअरिंगच्या बोल्टची भोकं लांबट असतात, मुख्य शाफ्ट मिलिमीटरभर सरकवता येतो. दातांत थोडा खेळ लागतोच, म्हणून सेंटर १५२.८ वर ठेवलं. तपासायला सोल्डरची बारीक तार दातांमधून फिरवली. दोन्ही बाजूंनी चेपलेल्या जाडीची बेरीज ०.२ ते ०.२५ मिमी भरली, तिथे बोल्ट आवळले.

काम कसं झालं

चाकासाठी ईएन-८ या मध्यम कार्बनच्या स्टीलची ४५ मिमी जाड प्लेट, गॅसने कापलेली २५० मिमी व्यासाची चकती, वजन सुमारे सतरा किलो. व्यास मुद्दाम दहा मिमी जास्त घेतला, कारण गॅसकटिंगची कड कडक होते आणि ती लेथवर उतरवूनच टाकावी लागते. तसं न करता नेमक्या मापाची चकती आणली तर हॉबची धार जाते आणि गिअर कापणारा पुन्हा दारात उभं करत नाही. पिनियनही ईएन-८ च्या गोल सळईतून.

जुन्या चाकाचा हब ६० मिमी लांब होता, नवं चाक सपाट ४० मिमीचं. उरलेल्या २० मिमीसाठी वेगळी कॉलर वळवून घेतली. हे राहून गेलं असतं तर चाक शाफ्टवर सरकून पिनियनच्या अर्ध्याच रुंदीवर चाललं असतं. चावीची खाच शाफ्टवर ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिमी. बाजारातली ८ मिमीची चावी थोडी घासून तिथे बसली. पिनियनकडे ९.५ मिमीच्या खाचेला १० मिमीची चावी घासून घेतली. चाव्या ठोकून बसवल्या नाहीत, हाताने सरकतील इतक्याच घासल्या. ठोकलेली चावी चाक तिरपं करते.

मुरघासाचा प्रश्न या सगळ्यापासून वेगळा काढला, आणि तो या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल. अकराव्या दिवशी ट्रॅक्टरवर चालणारी कुट्टी भाड्याने आणून दोन एकर मका एका दमात खड्ड्यात घातला. भाडं गेलं, पण त्यामुळे गिअरच्या कामामागची घाई संपली. तसं नसतं तर सेंटर मोजायला कुणी थांबलं नसतं.

दात मुळात का तुटले

तीन दात एकदम तुटतात तेव्हा बहुधा काहीतरी अडकलेलं असतं. पण असं अडकणं सांभाळायला या यंत्रात कपलिंगवर एक शेअर बोल्ट आहे, जास्त भार आला की आधी तो तुटावा म्हणून. तो तुटला नव्हता. काढून पाहिला तर डोक्यावर ८.८ लिहिलेलं. तिथे साधा ४.६ प्रतीचा ८ मिमीचा बोल्ट असायला हवा. ८.८ त्याच्या दुप्पट ताकदीचा. गोठ्यावरच्या माणसाने सांगितलं की साधा बोल्ट महिन्यातून दोनदा तुटायचा, म्हणून वर्षभरापूर्वी ‘चांगला’ घातला.

साधा बोल्ट वारंवार का तुटत होता? वरच्या रोलरच्या एका बाजूची बुश, म्हणजे शाफ्ट जिच्यात फिरतो ती नळी, झिजून लंबगोल झाली होती. भोक ३४ मिमीपर्यंत गेलेलं, शाफ्ट त्या बाजूला ३१.२. रोलर तिरपा बसायचा, वैरण एका बाजूने जास्त ओढली जायची आणि तोंडाच्या कोपऱ्यात पाचर मारल्यासारखी अडकायची. बुश झिजली म्हणून बोल्ट तुटत होता, बोल्ट तुटत होता म्हणून कडक घातला, बोल्ट कडक म्हणून दात गेले. आता बिडाच्या जागी स्टीलचं चाक आलं. म्हणजे पुढची अडचण चाक सोसेल आणि तुटेल ती बेव्हल जोडी, नाहीतर यंत्राचं अंग. अंग गेलं तर यंत्र संपलं. त्यामुळे नव्या चाकाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे तो काही रुपयांचा साधा बोल्ट.

बुशसाठी गनमेटलचा पोकळ बार आणला. शाफ्ट लेथवर गोल होईपर्यंतच घासला, तो ३०.९ वर आला. वेल्डिंगने भरून पुन्हा ३१.७५ करायचा पर्याय होता, पण लांब शाफ्ट वेल्डिंगच्या उष्णतेने वाकतो. त्याऐवजी बुशचं भोकच शाफ्टच्या मापाने, ०.०७ मिमी मोकळं ठेवून काढलं. बाहेरून बुश ०.०४ मिमी घट्ट, प्रेसने बसवलेली. आत ग्रीसची खाच, आणि बसवताना ती ग्रीस निपलसमोर आली आहे ना हे पाहिलं. मागची बुश बसवताना तेवढंच चुकलं होतं. निपलमधून भरलेलं ग्रीस शाफ्टपर्यंत पोचतच नव्हतं.

पाती परत चढवताना आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती सगळ्यात घातक होती. फ्लायव्हीलमधले आटे अर्धा इंच बीएसडब्ल्यूचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, इंचात १२. सहा बोल्टांपैकी एक एम-१२ चा, म्हणजे १२ मिमीचा मेट्रिक, निघाला. एम-१२ चे आटे १.७५ मिमीवर, या भोकाचे २.१२ मिमीवर. बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो आणि अडकतो. पाना लावणाऱ्याला वाटतं की घट्ट बसला. प्रत्यक्षात पातं दोन-तीन आट्यांच्या टोकांवर टांगलेलं असतं, मिनिटाला ३०० फेऱ्यांवर. आटे मोजायची पट्टी प्रत्येक गॅरेजात असते, ती लावून पाहायला अर्धा मिनिट लागतो. त्या भोकातले आटे टॅप फिरवून साफ केले. ते शाबूत होते म्हणून बरं, नाहीतर भोक मोठं करून सगळे बोल्ट बदलावे लागले असते. दोन्ही पाती तराजूवर घालून सारख्या वजनाची केली. पातं आणि तोंडपट्टी यांत पोस्टकार्ड घासत जाईल एवढीच फट ठेवली.

परिणाम

सतराव्या दिवशी यंत्र सुरू झालं. पहिला अर्धा तास रिकामं, मग हिरवी वैरण, तिसऱ्या दिवसापासून कडबा. घरघर नाही. खर्चाचे आकडे इथे देण्यात अर्थ नाही, लेथ आणि गिअर कटिंगचे दर गावागणिक वेगळे असतात. पण फुकट गेलेलं तयार चाक धरूनही एकूण रक्कम नव्या यंत्राच्या जवळपासही गेली नाही. वेळेचा हिशेब मात्र सांगण्यासारखा आहे. सतरापैकी नऊ दिवस चुकीच्या चाकाने खाल्ले. मापं घेतल्यापासून यंत्र चालू होईपर्यंत आठच लागले.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत शेअर बोल्ट दोनदा तुटला. एकदा पेंडीची नायलॉन दोरी गेली म्हणून, एकदा मक्याच्या बुडख्यात अडकलेला दगड आला म्हणून. दोन्ही वेळा दहा मिनिटांत नवा बोल्ट घालून काम पुढे गेलं. ४.६ चे डझनभर बोल्ट यंत्राच्या पायाला बांधलेल्या डब्यात असतात आणि डब्यावर रंगाने ‘हाच घालायचा’ असं लिहिलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी एक तास आणि एक व्हर्नियर एवढ्यावर भागलं असतं. दात मोजणं, चार आणि पाच दातांची मापं, शाफ्ट आणि सेंटर. फोटोच काढायचा तर शेजारी पट्टी ठेवून, आणि जोडीतल्या दोन्ही गिअरचा.

पिनियन एकच कापून घेतलं, ही उघड चूक. मशीन एकदा मोड्यूल ५ ला लावलेली असताना दुसऱ्या पिनियनची मजुरी फार कमी पडते, वेळ तर जवळजवळ काहीच नाही. पिनियन चाकाच्या तिप्पट फिरतं, झिजणार तेच आधी. आता ते लागेल तेव्हा पुन्हा कोल्हापूर गाठावं लागेल.

चाक स्टीलचं करावं की बिडाचं, यावर दोन मतं राहिली. बिडाची सपाट चकती ओतून, तिच्यावर दात कापून घेता आले असते. त्याला फार पॅटर्नही लागत नाही. बिडाच्या चाकाचा आवाज कमी येतो आणि प्रसंगी ते स्वतः तुटून बाकीचं वाचवतं. स्टील घेतलं ते वेळेसाठी, प्लेट हाताशी होती म्हणून. शेअर बोल्टची शिस्त पाळली जात असेल तोवर त्यात तोटा नाही. माणूस बदलला आणि कुणी पुन्हा ८.८ घातला, तर तोटा मोठा आहे.

बेव्हल जोडी अजून जुनीच आहे, इंचातली. तिच्या दातांवर झीज दिसते. बेव्हलमध्ये एक दात वाढवून जमवायची युक्ती चालत नाही, कारण दोन्ही गिअरचे शंकू एकाच बिंदूत मिळावे लागतात आणि ती जागा अंगाच्या ओतकामातच ठरलेली आहे. म्हणून यंत्र उघडं होतं तेव्हाच तिच्या दातांची संख्या, मोठ्या तोंडाकडचा व्यास, दातांची रुंदी आणि हबच्या मागच्या तोंडापासून शाफ्टच्या छेदबिंदूपर्यंतचं अंतर मोजून कागदावर उतरवून ठेवलं. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठ्यातल्या स्विचबोर्डाच्या आत चिकटवला आहे.